देण्याचा सण आणि घेण्याचा संकोच

१९९३ सालच्या डिसेंबरात ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात जोएल वॉल्डफोगेल या अध्यापकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. नाताळात दिल्या जाणाऱ्या भेटवस्तूंमुळे समाजाचे किती नुकसान होते, याचा हिशेब त्याने मांडला होता. विद्यार्थ्यांना त्याने विचारले, की तुम्हांला मिळालेल्या वस्तूंवर देणाऱ्यांनी अंदाजे किती खर्च केला असेल, आणि त्याच वस्तूंचे मोल तुमच्या लेखी किती? दोन आकड्यांत मोठे अंतर पडले. देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपैकी १० टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंतचे मूल्य वाटेतच विरून जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. मित्राने दिलेल्या वस्तूत ही गळती कमी, आजी-आजोबांनी दिलेल्या वस्तूत अधिक. अर्थशास्त्राच्या दृष्टीने उपाय सोपा होता. वस्तू देऊ नका, रोख रक्कम द्या.

हा लेख वाचून अनेकांना हसू आले, काहींना राग आला. परंतु वॉल्डफोगेल यांचा हिशेब चुकला होता असे म्हणता येणार नाही. देणे म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात मूल्य सरकवणे, हे गृहीत धरले तर त्यांचा निष्कर्ष अटळ आहे. आज नाताळ ज्या रीतीने जगभरच्या बाजारपेठांत साजरा होतो, त्या रीतीनेही हेच गृहीत धरलेले असते. मुंबईच्या दुकानांतून डिसेंबर उजाडताच कापसाचे बर्फ आणि तांबड्या टोप्या झळकू लागतात, आणि ज्यांचा ख्रिस्ताशी काहीही संबंध नाही अशा घरांतूनही ‘सीक्रेट सांता’चा खेळ रंगतो. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. उत्सवांनी शेजारच्या अंगणात शिरावे हे आपल्याकडे नवे नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या श्रद्धेतून हा सण निघाला, तिच्या लेखी देणे म्हणजे नेमके काय होते, आणि ती श्रद्धा बाळगणाऱ्यांनी तरी ते किती सांभाळले?

आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर आणला. त्याचा अर्थ जन्म, एवढाच. त्या जन्माची जी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे ती फार थोडक्यात आहे. नावनिशी लिहिण्यासाठी निघालेले एक जोडपे, उतारशाळेत जागा नाही, म्हणून बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले मूल, आणि रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ. दार लावून घेणारा उतारशाळेचा मालक, गाय आणि गाढव हे सर्व उत्तरकाळच्या भाविकांनी भरले. मूळ कथेत काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहण्यासारखे आहे. त्या मुलाने कोणाला काही दिले, असे त्यात कोठेही नाही. ते फक्त घेते. दुसऱ्याची गव्हाणी घेते, आईचे दूध घेते. मत्तयाच्या कथेत मागी लोकांनी आणलेले सोने, ऊद आणि गंधरस घेते, आणि पुढे हेरोद राजाच्या भीतीने परदेशात आश्रय घेते.

ख्रिस्ती धर्माचे वैशिष्ट्य येथे आहे. देवाने मनुष्याला वर द्यावा, धान्य द्यावे, संतती द्यावी, ही कल्पना जगातल्या बहुतेक धर्मांत आढळते. देणारा देव उंच असतो आणि घेणारा भक्त खाली असतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, की या रात्री देवाने वस्तू दिली नाही, स्वतःला दिले; आणि ते देणे इतके पुरे होते, की देणाराच घेणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात यासाठी स्वतःला रिते करण्याची भाषा वापरली आहे. ख्रिस्ती पंडितांनी त्या एका शब्दावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. पण त्याचा व्यावहारिक अर्थ एखाद्या अशिक्षित मेंढपाळालाही कळावा असा आहे. ज्याला खरोखर द्यायचे आहे त्याला उंचावरून देता येत नाही. त्याला उतरावे लागते आणि दुसऱ्याचा हात लागण्याची तयारी ठेवावी लागते.

मागी लोकांच्या भेटींचेही असेच आहे. ते तीन होते असे मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या म्हणून माणसे तीन ठरली. सुताराच्या घरात सोन्याचा उपयोग झाला असता. उदाचा होणे कठीण, आणि गंधरस तर प्रेताला लावण्याच्या द्रव्यांपैकी एक. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या देहासाठी निकदेम तोच आणतो. वॉल्डफोगेल यांच्या कसोटीवर ही भेट संपूर्ण निरुपयोगी म्हणावी लागेल. पण प्राचीन भाष्यकारांनी तिच्यातच कथेचे मर्म पाहिले. ज्याने स्वतःला द्यायचे ठरवले आहे त्याला त्याच्या देण्याचा शेवट कोठे होणार हे पाळण्यातच दाखवणारी ती भेट होती.

आणखी एक तपशील बहुधा प्रवचनांतून निसटतो. प्रसूतीनंतर शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मरीया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात अर्पण करायला गेले. लूक सांगतो, की ते अर्पण म्हणजे होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले. लेवीयच्या पुस्तकात पाहिले तर नियम कोकराचा आहे. पक्ष्यांची जोडी ही ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी दिलेली सवलत आहे. म्हणजे सोने घेऊन येणारे मागी मत्तयाच्या कथेत आहेत, आणि लूकच्या कथेत कोकराचेही पैसे नसलेले आईबाप. दोन्ही कथा एकमेकींत बसवण्याचा खटाटोप करण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या जन्माचा सण जगात सर्वांत खर्चिक ठरला, त्याचे घर सवलतीच्या दरात अर्पण करणाऱ्यांपैकी होते, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही. पुढे मंदिराच्या दानपेटीजवळ बसून येशूने श्रीमंतांची मोठी दाने पाहिली आणि दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान त्यांहून मोठे ठरवले. ती दृष्टी त्याला कोठून मिळाली असावी याचा अंदाज या पारव्यांवरून करता येतो.

दानाची व्यवस्था लावण्याचा ख्रिस्ती मंडळीचा पहिला मोठा प्रयत्न पौलाने केला. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी त्याने ग्रीक भाषिक शहरांतून वर्गणी गोळा केली. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले आठवे आणि नववे प्रकरण म्हणजे या वर्गणीचे आवाहन आहे, आणि निधी गोळा करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याने ते वाचावे. मासेदोनियाची मंडळी स्वतः हलाखीत असून तिने शक्तीबाहेर दिले. करिंथकर सुस्थितीत होते, वर्षापूर्वी त्यांनी उत्साहाने होकार दिला होता, पण रक्कम काही पुरी झाली नव्हती. पौल त्यांना लाजवतो, गोंजारतो, हिशेबात संशयाला जागा राहू नये म्हणून विश्वासू माणसे बरोबर पाठवतो. आणि मध्येच, वर्गणीच्या या रुक्ष कारभारात, तो नाताळाचे सारे तत्त्वज्ञान एका वाक्यात सांगून जातो: तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला, हे तुम्हांला ठाऊक आहे.

त्याच्या पुढचा युक्तिवाद अधिक महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओझे, असा आपला हेतू नाही, असे तो बजावतो. हेतू समतेचा आहे. आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची विपुलता तुमची. मूळ ग्रीकमध्ये येथे जो शब्द आहे त्याचा अर्थ समता असाच होतो. दया, करुणा, परोपकार हे शब्द पौलाला माहीत नव्हते असे नाही. पण त्याने येथे देण्याचा उद्देश म्हणून समता हा शब्द योजला. म्हणजे देणाऱ्याचे स्थान कायमचे नाही, घेणाऱ्याचेही नाही. आजचा दाता उद्याचा याचक असू शकतो, आणि त्यात अपमान नाही. हा शब्द नंतरच्या ख्रिस्ती जगाला फारसा पेलला नाही, असेच इतिहास सांगतो. ही वर्गणी पौलाला महागात पडली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकावरून दिसते, की लोकांसाठी दानधर्म घेऊन तो यरुशलेमला आला, आणि त्याच फेरीत पकडला गेला.

चौथ्या शतकात धर्माला राजाश्रय मिळाला. २५ डिसेंबर हा जन्मदिवस म्हणून रोममध्ये पाळला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद ३३६ सालची आहे. पूर्वेकडे हा सण त्यानंतर आला. अंत्युखियात योहान क्रिसोस्तोमने ३८६ साली नाताळाचे प्रवचन केले, तेव्हा हा दिवस तेथे माहीत होऊन १० वर्षेही झालेली नाहीत असे त्यानेच सांगितले. मंदिरे भव्य होऊ लागली होती, वेदीवर रेशीम आणि सोने चढू लागले होते. हाच क्रिसोस्तोम श्रीमंतांना विचारी, की येथे रेशमाने ज्या ख्रिस्ताचा सन्मान करता तोच बाहेर थंडीत उघडा बसला आहे, त्याचे काय? कैसरियाचा बिशप बासिल याने दुष्काळात कोठारे उघडायला लावली, शहराबाहेर आजाऱ्यांसाठी आणि निराश्रितांसाठी वसाहत उभारली. तुमच्या कपाटातला जादा अंगरखा हा तुमचा नव्हेच, तो उघड्याचा आहे, अशी त्याची शिकवण होती. आपल्याजवळचे अधिक ते दुसऱ्याचे आहे असे मानले, तर देणे ही उदारता उरत नाही. ती परतफेड होते. कोणत्याही काळातल्या सुखवस्तू श्रोत्यांना हे प्रवचन आवडण्यासारखे नव्हते.

याच शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी निकोलस नावाचा बिशप होऊन गेला. त्याच्याविषयी निश्चित असे थोडेच हाती आहे. कथा पुष्कळ आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध कथा अशी, की एका बुडालेल्या गृहस्थाला तीन मुली होत्या, त्यांच्या लग्नासाठी पैसा नव्हता आणि त्या विकल्या जाण्याची वेळ आली होती. निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, एकदा नव्हे तीनदा. तिसऱ्या वेळी बापाने त्याला गाठले, तेव्हा हे कोणाला सांगू नकोस अशी त्याने शपथ घातली. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हा डोंगरावरच्या प्रवचनातला दंडक पाळणारी ही कथा आहे. निकोलसच्या अस्थी १०८७ साली इटलीतील बारी येथे नेल्या गेल्या, त्याचे नाव हॉलंडमार्गे अमेरिकेला पोहोचले, १८२३ सालच्या एका इंग्रजी कवितेने त्याला रेनडिअरांची गाडी दिली, टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्याला देह दिला, आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याला घरोघर नेले.

या प्रवासात बिशपाचा म्हातारबुवा झाला, यात बिघडले काही नाही. बिघडले ते दुसरीकडे. लोककथेतला सांता वही बाळगतो. कोणते मूल शहाण्यासारखे वागले, कोणते हट्टी, हे तो पाहतो आणि त्याप्रमाणे खेळणी वाटतो. आईबापांना ही सोय फार उपयोगाची वाटते. परंतु ख्रिस्ती शिकवणुकीच्या दृष्टीने यापेक्षा विपरीत काही असू शकत नाही. ज्याला कृपा म्हणतात ती लायकी पाहून दिली जात नाही, आणि नाताळ हा नेमका त्याच कृपेचा सण आहे. वही पाहून दिले ते बक्षीस होय. शिवाय व्यवहारात या वहीचा निकाल आईबापांच्या मिळकतीप्रमाणे लागतो. श्रीमंताचे द्वाड पोर सायकल मिळवते, आणि गरिबाच्या गुणी मुलाला आपले काय चुकले हे कळत नाही.

युरोपातला जुना नाताळ हा आजच्यासारखा घरगुती सण नव्हता. तो रस्त्यावरचा, गोंगाटाचा, काहीसा उद्दाम सण होता. शेतीची कामे उरकलेली असत, दारू ताजी असे, आणि गरीब लोक टोळीने जमीनदाराच्या दारी जाऊन खाणेपिणे मागत, नव्हे वसूल करीत. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने १६४७ साली हा सण रद्द केला आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्यास दंड होता, त्यामागे धर्मशास्त्राइतकाच या दंगलीचा तिटकारा होता. स्टीफन निसनबॉम या इतिहासकाराने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या सधन वर्गाने नाताळ घरात नेला. पूर्वी मालक नोकराला देत असे. आता बाप मुलाला देऊ लागला. देण्याची दिशा बदलली आणि दार आतून लागले.

डिकन्सने १८४३ सालच्या डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध केले ते हे दार पुन्हा थोडे किलकिले करण्यासाठी. स्क्रूजचे हृदयपरिवर्तन सर्वांना आठवते. तो काय काय करतो, इकडे मात्र लक्ष जात नाही. तो आपल्या कारकुनाच्या घरी एक भला मोठा टर्की पक्षी पाठवतो, आणि तो कोणी पाठवला हे कळू देत नाही. येथे निकोलसची रीत आहे. दुसऱ्या दिवशी कारकून उशिरा कामावर येतो, तेव्हा स्क्रूज त्याचा पगार वाढवतो. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. वर्षभर अपुरे वेतन द्यायचे आणि सणाला टर्की पाठवायचा, ही उदारता स्वस्तात पडते. इंग्लंडात नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, संत स्तेफनच्या सणाला, नोकरचाकरांना आणि टपालवाल्यांना पेटीतून देणगी देण्याचा प्रघात होता. आपल्याकडची दिवाळीची पोस्त तीच. मुंबईच्या गिरणी कामगाराने बोनस ही मालकाची खुषी नसून आपला हक्क आहे हे सिद्ध करण्यासाठी दीर्घ लढे दिले आणि १९६५ साली त्याचा कायदा झाला, तेव्हा त्याने दात्याचा एक आनंद हिरावून घेतला खरा. बासिलने त्याबद्दल त्याला दोष दिला नसता.

भारतात हा विषय केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. येथे ख्रिस्ती माणसाच्या देण्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्या संशयाला कायद्याचे रूपही मिळाले आहे. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली केलेल्या कायद्यांत भेटवस्तू देऊ करणे हा प्रलोभनाच्या व्याख्येतला पहिलाच घटक आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले. उत्तर प्रदेशाच्या २०२१ सालच्या कायद्यात तर धार्मिक संस्थेने चालवलेल्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षणही प्रलोभनात गणले आहे. धर्मांतरासाठी देऊ केले तरच ते गुन्हा होते हे खरे. परंतु हेतू हा डोळ्यांना दिसत नाही, आणि संशय घेणाऱ्याला पुरावा फारसा लागत नाही. सेवा करा, पण तिच्या पोटी धर्मांतराचा हेतू ठेवू नका, असे महात्मा गांधी मिशनऱ्यांना वारंवार सांगत. ते ख्रिस्ताचे चाहते होते आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही.

महाराष्ट्राला या वादाचा अनुभव फार पूर्वी आला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. पैसा अमेरिकेतील ख्रिस्ती दात्यांचा होता, आणि तेथे धर्म शिकवायचा नाही असा करार होता. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई स्वतः दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. उघड्या दाराने प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्क कोणी नाकारू नये. पण जिला दुसरे छप्पर नाही अशा बालविधवेपुढे ते दार किती मोठे दिसत असेल, हाही प्रश्न खोटा नव्हता. आश्रय देणाऱ्याने काही न मागताही आश्रिताला काही देणे लागते असे वाटते. दात्याने जपायचे असते ते येथे. दुसऱ्या बाजूला, टीकाकारांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी आपले दार उघडले, हे विचारायला नको काय? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून शेकडो अनाथ मुली रमाबाईंनी केडगावला आणल्या. त्या कोणी पळवून आणलेल्या नव्हत्या. त्यांना न्यायला दुसरे कोणी आले नव्हते.

शारदासदनाची आणखी एक निष्पत्ती सांगितल्याविना हा हिशेब अपुरा राहील. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. अमेरिकन ख्रिस्ती कुटुंबांच्या वर्गणीतून ती शिकली, ख्रिस्ती झाली नाही, आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यातून हिंगण्याच्या संस्था उभ्या राहिल्या, महिला विद्यापीठ झाले. बोस्टनच्या दात्यांनी ज्यासाठी पैसे दिले असतील त्यांत हे बसत होते का, कोणास ठाऊक. दिलेले हातातून सुटते आणि भलत्याच मातीत रुजते. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो, आणि त्यांतला एकच, तोही परका शोमरोनी, आभार मानायला परत येतो. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो. पण त्या नवांचा रोग परत आला असे लूकने लिहिलेले नाही.

देण्याची किंमत नेहमी दाताच भरतो असेही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक हातचे काही ठेवीत नसत. घरातली वस्तू उचलून देत, रस्त्यावरच्या माणसाला घरी आणीत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त या सर्वांचे वर्णन प्रेमाने आणि विनोदाने आले आहे, परंतु दुसऱ्या दिवशी डब्यात काय आहे हे पाहण्याचे काम त्यांचे होते, हेही त्यात लपलेले नाही. सणाच्या उदारतेचा भार घरातल्या कोणाच्या खांद्यावर पडतो याची चौकशी प्रवचनांतून सहसा होत नाही. गोव्यापासून वसईपर्यंत डिसेंबरच्या उत्तरार्धात स्वयंपाकघरात रात्र रात्र जागणाऱ्या बायकांना ते कोणी सांगायला नको.

या जागरणातून जे निघते त्याला गोव्यात पोर्तुगीज ‘कोंसुआदा’ या शब्दावरून नाव पडले आहे. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असे जिन्नस ताटात मांडायचे, वर भरतकामाचा रुमाल घालायचा आणि शेजाऱ्यांकडे पाठवायचे. शेजारी हिंदू असला तर त्याच्याकडे आधी. चवथीला आणि दिवाळीला त्याच्याकडून आलेले असते, पुढेही येणार असते. वॉल्डफोगेल यांच्या पद्धतीने पाहिले तर हा सारा निरर्थक उद्योग आहे, कारण दोन्ही घरी नेवऱ्या आहेतच आणि वर्षाअखेर बाकी शून्य उरते. पण येथे कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही. पौलाला जी समता करिंथकरांना समजावून सांगताना दोन प्रकरणे खर्ची घालावी लागली, ती येथे दोन शेजारणींनी काही न बोलता साधलेली दिसते. ओढीताणीच्या, संशयाच्या दिवसांत ही ताटे थांबली नाहीत, तर कायद्याच्या कोणत्याही व्याख्येत ती बसवता येणार नाहीत.

ज्या घरी वर्षात कोणी गेले असेल, त्या घरी सणाचे गोडधोड करायचे नाही, ही रीत हिंदूंप्रमाणे ख्रिस्ती घरांतूनही आढळते. त्या नाताळात त्या घरून ताट निघत नाही. त्या घरातल्या बाईला शेजारणीकडून आलेले ताट ठेवून घ्यावे लागते. आपल्याकडे आलेले भांडे रिकामे परत करू नये असा संकेत आहे, म्हणून ती घरात काही शोधू लागते. शेजारीण ते भांडे तिच्या हातून काढून घेते आणि रिकामेच घेऊन जाते.